आई-बाबांना शहापूरच्या गल्लीतून हिंदवाडीला हलवावं का?

शहापूरची लेक: मी पुण्यात, आई-बाबा दोघंच बेळगावात, शहापूरच्या जुन्या घरी. मागच्या भिंतीला लागून यंत्रमाग, पुढून दिवसभर गाड्या. हिंदवाडीत तळमजल्याचा फ्लॅट बघून ठेवलाय. माझं मत सरळ आहे. सत्तरीनंतर माणसाला झोप पाहिजे, आणि ती टिळकवाडी-हिंदवाडीकडंच मिळते. कंपाउंडात झाडं, फिरायला जागा, संध्याकाळी रस्त्यावर पोरं सायकल शिकत असतात. फ्लॅटसाठी जुनं घर विकावं लागेल. गल्लीला नावं ठेवत नाही, तिथंच वाढले. विरोधातलं असेल तर बोला.

गणपत गल्ली: बोलतो की. ताई, झोप मिळेल, पण रात्री दोनला बाबांच्या छातीत दुखलं तर? गल्लीत एक हाक मारली की कट्ट्यावरचं पोरगं गाडी काढतंय. कॉलनीत गेटला कुलूप, आत कुत्रं. बेल वाजवत बसा.

हिंदवाडीची सून: काय ओ, काहीही! माझे सासरे बाथरूममध्ये पडले तेव्हा वरच्या मजल्यावरच्या कन्नड काकू माझ्या आधी पोचल्या होत्या. आमच्या बिल्डिंगीत मराठी, कन्नड, कोंकणी सगळे आहेत, एकमेकांच्या किल्ल्या एकमेकांकडं असतात. फक्त कुणाकडं कोण आलं, किती वाजता गेलं, याची नोंद ठेवत नाही.

तिसरं गेट: दोघांनाही सांगतो, शांत टिळकवाडी आता जुन्या लोकांच्या बोलण्यात उरलीय. गांधीजींच्या अध्यक्षतेखाली १९२४ चं काँग्रेस अधिवेशन इथं भरलं, त्याची खूण म्हणून काँग्रेस विहीर राहिली. बाकी बंगले पाडून अपार्टमेंट, तळाला क्लास, वर पीजी. क्लास सुटला की दुचाकींची जत्रा. रेल्वेचा हॉर्न वेगळाच. एजंटबरोबर दुपारी अकराला घर बघू नका, रात्री दहाला एकट्यानं जाऊन उभं राहा.

वकीलसाहेब: आवाजाचाच प्रश्न असेल तर घर कशाला विकताय? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणासुदीला सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं, पण वर्षात १५ दिवसांहून जास्त नाही. हिंदवाडीला जो नियम तोच शहापूरला. अर्ज द्या.

शहापूरची लेक: कुणाविरुद्ध देऊ? मागवाले बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. त्यांचा माग थांबला तर त्यांची चूल थांबेल. हे वडगाव-शहापूरच्या माणसाला सांगायला नको.

पेन्शनर काका: मी तुझ्या बाबांच्याच वयाचा. मुलानं मला राणी चन्नम्मा नगरला नेलं. घर झकास, रात्री झोपही लागायची. दिवस जाईना. इथं दूध आणायला बाहेर पडलं की चार जण थांबवतात, त्यातले दोघे उगाच भांडतात, सकाळ मजेत जाते. तिकडं मॉर्निंग वॉकला सगळे कानात काहीतरी घालून चाललेले. बेळगावात धुळवडीला रंग खेळतात, आपल्याकडं पंचमीला. शहापूर सांगली संस्थानात होतं, तेव्हापासून आपलं वेगळंच. त्या पंचमीला इकडं भिजायला म्हणून आलो आणि राहिलो. मुलगा अजून रुसलाय.

हिंदवाडीची सून: काका, तुमचे पाय धड आहेत म्हणून तुम्ही परत आलात. ताई, घरात जिना आहे का? संडास कुठं आहे?

शहापूरची लेक: झोपायच्या खोल्या वर, संडास परसात. बाबांना जमतं. आई रात्री पाणीच पीत नाही, उठायला नको म्हणून.

हिंदवाडीची सून: मग माग आणि झोप सोडा, एवढ्यावरच निर्णय झाला.

गणपत गल्ली: कशाला झाला? खालच्या खोलीत पलंग टाका, आत कमोड बसवा. फ्लॅटच्या किमतीपुढं तो खर्च काहीच नाही.

पेन्शनर काका: हे मला पटलं. तरी हलवायचंच असेल तर विकू नको, आधी भाड्यानं घे, एक पावसाळा काढू दे त्यांना तिथं.

तिसरं गेट: आणि नळाला पाणी कितव्या दिवशी येतं ते विचार. काही प्रभागांत २००८ पासून चोवीस तास आहे, बाकीचे टाकीच्या भरवशावर. एजंटला नको, बिल्डिंगीत धुणंभांडी करणाऱ्या मावशींना विचार.