नगरसेवकांकडे नेमकं काय मागायचं? (खाण्याचे छोटे धंदे, नवी मुंबई-ठाणे)

पोळपाट (कोपरखैरणे):
नमस्कार मंडळी. कोपरखैरण्यात माझं पोळी-भाजी केंद्र आहे. गाळा भाड्याचा. मी, जाऊबाई आणि पोळ्या लाटायला दोघी. सकाळी डबे, संध्याकाळी सुटी पोळी-भाजी, चतुर्थीला साबुदाणा खिचडी.

२०२६च्या जानेवारीत निवडणूक झाली आणि बऱ्याच वर्षांनी महापालिकेत नगरसेवक बसले. आमच्या प्रभागातल्या एक बाई म्हणाल्या, खाण्याचा धंदा करणाऱ्यांनी मिळून पत्र द्या, काय हवं ते लिहा. म्हणून आम्ही केंद्रवाल्या, दोन वडापाववाले, एक खानावळ आणि कोपऱ्यावरचा चायनीजवाला असे बसलो. यादी झाली ती अशी: कर्ज द्या, सिलिंडर स्वस्त करा, गाळ्याचं भाडं कमी करायला लावा, अ‍ॅपवाल्यांचं कमिशन उतरवा. मला तर यातलं निम्म्याहून जास्त महापालिकेच्या हातातच नाही असं वाटतं. बाई पत्र घेतील, फोटो निघेल, चहा होईल आणि विषय मिटेल.

मला सुचलेलं लिहिते. कचऱ्याची गाडी सकाळी येते, घरांच्या सोयीने, ते बरोबरच आहे. पण आमची देठं, सालं, खरकटं निघतं दुपारी तीनला आणि रात्री दहाला. रात्रभर ते गाळ्यात ठेवायचं म्हणजे उंदरांना आमंत्रण. दुकानांच्या ओळींसाठी रात्रीची एक फेरी मिळाली तर मला कर्जापेक्षा जास्त उपयोग होईल. दुसरं म्हणजे महापालिकेच्या दैनंदिन बाजारातले ओटे. सकाळी भाजीला गर्दी असते, संध्याकाळी बरेच मोकळे. छप्पर आहे, नळ आहे, दिवे आहेत. तिथे सात ते अकरा खाऊगल्ली का नको?

कुठल्या शहरात असं काही खरंच चाललंय का? आणि पत्रात काय ठेवू, काय काढू?

चेंदणीकर (ठाणे):
ताई, मी हॉटेल लाइनमध्ये आयुष्य काढलं, आता घरी बसून लोकांना सल्ले देतो. आधी कोणतं काम कोणत्या सरकारी खात्याचं ते वेगळं करा, नाहीतर पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरेल. खाद्य परवाना किंवा नोंदणी अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे राज्य सरकारकडे. शॉप अ‍ॅक्ट कामगार खात्याकडे, आणि २०१७च्या कायद्यानुसार, २०२५च्या दुरुस्तीनंतर, वीसपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना पुरते. सिलिंडर आणि अ‍ॅप सोडून द्या. पाणी, मलवाहिनी, कचरा, मालमत्ता कर, फुटपाथ, मंडया, अग्निशमन, आरोग्य विभाग हे महापालिकेचं. पत्र एवढ्यातच ठेवा.

आगीचं विसरू नका. २००६च्या राज्य कायद्याप्रमाणे आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचा ‘फॉर्म बी’ वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो, तोही परवानाधारक एजन्सीकडून. तुमच्या इमारतीला तो लागू असेल तर प्रत्येक गाळेवाल्याने वेगळा माणूस गाठण्यापेक्षा अख्ख्या इमारतीचं एकत्र करायचं आणि विभाग कार्यालयात त्यासाठी एक शिबिर मागायचं. खर्च वाटला जातो आणि ‘तुमचं हे नाही, ते नाही’ म्हणणाऱ्याला संधी राहत नाही.

आता माझं खरं मत. खाण्याचा धंदा चालतो तो पायी चालणाऱ्या माणसावर. ठाण्यात बघा, स्टेशनजवळचे वडापाव, तलावपाळीवरची भेळ, गोखले रोड, राम मारुती रोड. मामलेदार मिसळीला नावच कचेरीवरून मिळालं, कारण गिऱ्हाईक कचेरीत येत होतं. गाडीतला माणूस काचेतून पाटी वाचतो आणि पुढे जातो. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर पहिली मागणी सलग फुटपाथ आणि संध्याकाळी पुरेसा उजेड ही लिहिली असती. आणि ओट्यांवर हलवतो म्हणाले तर आधी बघा, तिथून माणसं जातात का. नुसता मोकळा आहे म्हणून ओटा घेऊ नका.

सेक्टर एकोणीस:
मी दुसऱ्या बाजूचा. आमच्या सोसायटीखाली हॉटेलं आहेत. मार्जिनल स्पेसमध्ये, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत टेबलं, पावसाळ्यात ताडपत्री, ती दिवाळीपर्यंत तशीच, आणि डिलिव्हरीवाल्यांच्या बाइक थेट गेटात. फोडणीचा धूर पहिल्या मजल्याच्या खिडकीतून आत. तुम्हाला सवलती मिळाव्यात, पण पत्रात दोन ओळी आमच्यासाठीही घाला: चिमणी गच्चीपर्यंत नेण्याची सक्ती आणि डिलिव्हरीच्या बाइकसाठी रस्त्यावर आखलेली जागा. मग आम्हीसुद्धा सह्या देऊ. नुसत्या ‘धंद्याला आधार’ म्हणणाऱ्या पत्रावर मी सही करणार नाही.

हातगाडी ते हॉटेल:
पोळपाटताई, तुमच्या यादीतले वडापाववाले गाडीवर आहेत की गाळ्यात? दोघांचं एकाच पत्रात घालू नका. गाडीवाल्यांना २०१४चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात दर पाच वर्षांनी सर्वेक्षण, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले. अध्यक्ष महापालिका आयुक्त. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेते सामावून घ्यायची मर्यादा आहे. २०११च्या जनगणनेत नवी मुंबई सव्वाअकरा लाखांच्या जवळ, म्हणजे साधारण २८ हजार. जागेची मागणी त्या समितीकडे जायला हवी, नगरसेवकांनी फक्त पाठपुरावा करायचा. कर्जही त्यांनाच: पीएम स्वनिधीत आता १५, २५ आणि ५० हजार असे तीन टप्पे आहेत. तुमच्यासारख्या गाळेवाल्यांना ते नाही. लोणची-मसाले करत असाल तर केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान बघा.

दुसऱ्या शहराचं उदाहरण हवं असेल तर इंदूर. सराफा बाजार दिवसा सोन्याचा, दुकानं बंद झाली की रात्री तिथेच खाणं. तुमच्या ओट्यांची कल्पना तीच, एक जागा दोन वेळा. आणि ‘छप्पन दुकान’ या तिथल्या खाऊगल्लीचा रस्ता गाड्यांना बंद करून नव्याने बांधला. केंद्राने २०२३मध्ये देशात १०० स्वच्छ खाद्यगल्ल्यांची योजना आणली, प्रत्येकीला एक कोटी. पण इंदूरला गर्दी आधीपासून होती, महापालिकेने ती सांभाळली. चेंदणीकर काका म्हणतात तेच.

पोळपाट (कोपरखैरणे):
सगळ्यांचे आभार. काका, खाती वेगळी करून यादी पुन्हा लिहिली. कर्ज, सिलिंडर, अ‍ॅप बाहेर. चायनीजवाला जरा रुसलाय.

सेक्टर एकोणीस, तुमच्या दोन्ही ओळी घेतेय. बाइकचं तर आमचंही दुखणं आहे, माझ्या दाराशी त्या उभ्या असल्या की आजीबाई पायरी चढू शकत नाहीत. चिमणीची सक्ती मात्र भाड्याच्या गाळ्यात मालक आणि सोसायटी दोघांच्या परवानगीवर अडते. तुमच्या सोसायटीने गच्चीपर्यंत पाइप न्यायला होकार दिला तर बाकीच्या सोसायट्यांना दाखवायला उदाहरण होईल. विचारून बघाल?

ओट्यांबद्दल जाऊबाईंनी खोट काढली ती खरी आहे. मासळीच्या ओट्यांशेजारी संध्याकाळी कोण खाणार? म्हणून फक्त भाजीकडचा भाग मागतोय, आणि साडेसहाला तो धुऊन देण्याची जबाबदारी कुणाची ते आधी लिहून घेणार. सुरुवात शुक्रवार ते रविवार, तीन महिने. गाडीवाल्यांचं पत्र वेगळं, समितीच्या नावाने.

एक नवीन मुद्दा: तळणीचं तेल. तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात वाढणारी एकूण ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरायचं नाही, हा नियम २०१८पासून आहे. मोठ्या हॉटेलांकडून बायोडिझेलवाले ड्रम उचलतात. वडापाववाल्याकडचं तीन-चार लिटर न्यायला कोण येणार? मग ते जातं गटारात, किंवा उद्याच्या कढईत. विभाग कार्यालयात एक ड्रम ठेवला, आठवड्यातून एकदा उचलला, तर मलवाहिन्याही तुंबणार नाहीत. स्वच्छ सर्वेक्षणात वरचा नंबर मिरवणाऱ्या शहराला हे जड नाही.

मसुदा रविवारी इथेच टाकते. तोवर दैनंदिन बाजारातल्या ओट्याचं महिन्याचं भाडं किती, हे कुणी ओटेधारक वाचत असेल तर कृपया लिहा. तीन महिन्यांचा हिशेब त्याशिवाय मांडता येत नाही.