स्पीडस्टर रेप्लिका बनवून घ्यायचीय, बिल्डर कसा निवडायचा?

लाल_सीट:
मंडळी, सल्ला हवाय. पोर्शे ३५६ स्पीडस्टरची रेप्लिका बनवून घ्यायचीय. ओरिजिनल १९५४ ते ५८ एवढीच निघाली, आज तिच्याकडे नुसतं बघायचं, घ्यायचं नाव काढायचं नाही, त्यामुळे फोक्सवॅगन बीटलच्या पॅनवर (खालच्या चासीवर) फायबरची बॉडी हाच मार्ग. तीन बिल्डर शॉर्टलिस्ट केलेत. पहिल्याचे फोटो एक नंबर, गाडी लवकर देतो म्हणतो पण जवळजवळ सगळे पैसे आधी पाहिजेत. दुसऱ्याकडे मोठी वेटिंग, मेसेज केला की चार दिवसांनी एका ओळीत उत्तर, तेही "येऊन बघा" एवढंच. तिसरा मूळचा कोब्रा स्पोर्ट्सकार बनवणारा, स्पीडस्टर पहिल्यांदाच करणार, पण त्याच्या वेल्डिंगचं सगळे नाव घेतात. मला ऑइल लेव्हल बघण्यापलीकडे फार काही कळत नाही आणि फोटोत तिघांच्याही गाड्या सारख्याच दिसतात. नक्की बघायचं काय आणि विचारायचं काय?

जुना_कार्ब:
फोटो आधी बाजूला ठेवा. पेंट चकाचक करणं या धंद्यातलं सगळ्यात सोपं काम, खरी गाडी खाली असते. बीटलचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४०० मिमी आणि ३५६ चा २१००, म्हणजे पॅन मधनं कापून जवळपास ३० सेंटिमीटर काढून टाकतात आणि परत जोडतात, आणि त्याच्या मधल्या टनेलमधून, म्हणजे मधोमधच्या पोकळ उंचवट्यातून, गिअरचा रॉड जातो, क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलच्या नळ्या जातात, त्या सगळ्या तेवढ्याच आखूड कराव्या लागतात, आणि घाई होते ती इथंच. नळी जोडताना जरा वाकडी बसली की केबल आत घासत राहते, क्लच जड लागायला लागतो आणि मग भर रस्त्यात केबल तुटते. तर बिल्डरला सरळ सांगा, बॉडी न चढवलेला एक कापलेला पॅन दाखव. जॉइंट नीट वेल्ड केलाय का का नुसते टाके मारलेत, खालून पट्टी टाकलीय का, दोन्ही कडांना बॉक्स पाइपची फ्रेम आहे का. छप्पर नसलेली गाडी, त्यात बॉडी फायबरची, सगळा जोर त्या पॅनवरच येतो. दाखवायला का-कू करेल त्याला लांबून नमस्कार.

आणि हो, बीटलचा चासी नंबर टनेलवर, मागच्या सीटखाली पंच केलेला असतो. तो शाबूत आहे का, कागदाशी जुळतो का हे अ‍ॅडव्हान्स द्यायच्या आधी बघा. अशी बदललेली गाडी तुमच्याकडे रजिस्टर होते का हेही स्वतः जाऊन विचारा, बिल्डरच्या "होऊन जाईल"वर बसू नका.

सेकंडगिअर:
+१. अजून एक, नवी कोरी गाडी बघायला जाऊच नका, दोनतीन वर्षं पळालेली बघा. फायबरची बॉडी साच्यातून काढली की नीट क्युअर व्हायला, म्हणजे पूर्ण कडक व्हायला, वेळ लागतो, त्याआधीच पेंट मारला तर डिलिव्हरीला मस्त दिसते आणि उन्हातान्हात राहिली की आतल्या मॅटची जाळी पेंटवर उमटायला लागते. माझ्या मेव्हण्याची गाडी अशीच, त्यात गडद निळा रंग, म्हणजे अजूनच उठून दिसतं. बिल्डर म्हणतो तुम्ही झाकून ठेवली नाही 🙂

बिजागरीच्या आसपास केसासारख्या चिरा आहेत का तेही बघा. तिथं आतून लोखंडी प्लेट नसेल तर दरवाजाचं सगळं वजन फायबरवर पडतं. आणि मालक हो म्हणाला तर गाडीची एक बाजू जॅकवर उचलून दरवाजा उघडझाप करून बघा. अडकायला लागला तर पॅन पिळतोय, मग वर कितीही भारी लेदर असू दे.

अर्थिंग_द्या:
सगळे वेल्डिंगवर बोलतायत, वायरिंगचं कोणीच नाही. फायबरमधून करंट जात नाही हो, पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थ असते, इथं प्रत्येक दिव्याला वेगळी अर्थची वायर ओढायला लागते. इंडिकेटर दिला की टेललॅम्प मिचमिचतोय असं दिसलं तर समजून जा. शिवाय इंजिनाभोवतीचे पत्रे आणि कडेचं रबर सील पूर्ण आहे का बघा. एअरकूल्ड इंजिन आहे, सील नसेल तर खालची गरम हवाच पंखा परत ओढतो आणि इंजिन तापतं. वरून दिसत नाही म्हणून बरेच जण तेच गाळतात.

हिशेबनीस:
पहिला बिल्डर माझ्याकडून बाद. पैसे कामाच्या टप्प्याला बांधा: पॅन तयार झाला, बॉडी बसली, इंजिन सुरू झालं, शेवटचा हप्ता गाडी चालवून बघितल्यावर. पॅन आणि इंजिनाचं बिल तुमच्या नावावर घ्या, उद्या वर्कशॉप बंद पडलं तर निदान तेवढा माल तुमचा आहे असं दाखवता येईल. "रेडी गाडी" म्हणजे काय तेही लिहून घ्या. इंजिन नवीन का रीबिल्ट, किती सीसी, पुढे डिस्क का ड्रम, मागे जुना स्विंग अ‍ॅक्सल का नंतरच्या बीटलचं इंडिपेंडंट सस्पेन्शन, टॉप (कापडी छत) आणि साइड कर्टन (खिडकीच्या जागी लावायचे पडदे) किमतीत धरलेत का. तोंडी काही नको.

लाल_सीट:
बापरे, एवढं होतं होय यात. धन्यवाद सगळ्यांना. पहिला मीही काढला. पण तिसऱ्याचं काय? माणूस फार चांगला वाटला बोलायला, वेल्डिंग तर सगळेच चांगलं म्हणतात.

जुना_कार्ब:
वेल्डिंग येतं यात वाद नाही. पण कोब्रा म्हणजे पुढे व्ही८ आणि जिगवर (पाइप पक्के धरणाऱ्या साच्यावर) स्वतः बनवलेली जाड पाइपची चासी, तिथं तो सगळं शून्यातून करतो. इथं जुना पॅन, त्याचा आतला गंज, मागचं एअरकूल्ड इंजिन, हे वेगळंच प्रकरण आहे. इंजिन आणि केबलचं काम कोण करणार ते विचारा. "शिकून घेऊ" म्हणाला तर ते शिक्षण तुमच्या पैशानं होणार. मी असतो तर दुसऱ्याकडे गेलो असतो. "येऊन बघा" म्हणणारा बिल्डर मिळत नाही हो, बाकीचे व्हिडिओ पाठवतात.

लाल_सीट:
फोन लावला आत्ताच. शनिवारी बोलावलंय, पॅन दाखवतो म्हणाला, आणि एका जुन्या गिऱ्हाइकाची गाडी सर्व्हिसला आलीय, तीही बघायला मिळेल.

सेकंडगिअर:
भारी. जुनी गाडी आहे तर टॉप चढवून आत बसून बघा, पाण्याचा पाइप मारायला सांगा वरून. स्पीडस्टर थोडी गळणारच, पण पाणी मांडीवर पडतंय का फ्यूजबॉक्सवर ते कळेल. आणि उंच असाल तर टॉप लावून डोकं बसतं का तेही तिथंच तपासा.