बोन्सायसाठी 'ब्लॅक पाइन' म्हणून घेतलेलं झाड खरंच तेच आहे का? आणि कँडल (मेणबत्तीसारखी उभी येणारी नवी फूट) कधी कापायच्या?

गच्चीवरची_कुंडी
ठिकाण पुणे, पूर्ण उन्हाची गच्ची. रोपवाटिकेच्या चिठ्ठीवर 'जॅपनीज ब्लॅक पाइन' लिहिलंय. उंची दोन फूट, बुंधा अंगठ्याएवढा, काळ्या पिशवीत लाल माती. सुया जोडीने येतात, ९-१० सेंमी लांब, ताठ आणि टोचणाऱ्या. शेंड्याच्या कळ्या पांढरट. आतल्या बाजूच्या काही सुया पिवळ्या पडल्यात. झाड ओळखायचं कसं, माती केव्हा बदलायची आणि कँडल कापायच्या त्या कधी?

सूचिपर्ण
तुमच्या वर्णनावरून चिठ्ठी खरी दिसते, पण खात्री करून घ्या. आपल्याकडे पाइन म्हणून सुरू आणि अरोकेरिया सर्रास विकले जातात. सुरूची 'सुई' ओढली की सांध्यावर तुटते, कारण ती सुई नसून सांध्यांची बारीक काडी असते. पाइनची सुई अखंड असते.

मग एका जुडीत किती सुया ते मोजा. एकाच जुडीवर निकाल नको, निरनिराळ्या फांद्यांवरच्या दहा जुड्या बघा. वर्षाच्या आतलं रोप असेल तर मोजण्यात अर्थ नाही. त्या वयात सुया सुट्या आणि निळसर येतात, जुड्या नंतर धरतात.

दोन सुया असतील तर जपानी ब्लॅक, जपानी रेड, स्कॉट्स किंवा म्युगो. ब्लॅकची कळी पांढरी, सुई जाड आणि तळव्याला बोचणारी. रेडची कळी तांबूस, सुई बारीक आणि मऊ, वरच्या फांद्यांची साल लालसर. जपानीत ब्लॅकला ओमात्सु म्हणजे नर पाइन आणि रेडला मेमात्सु म्हणजे मादी पाइन म्हणतात, ते या बोचण्यावरूनच समजून घ्या. स्कॉट्सच्या सुया आखूड, निळसर आणि पिळलेल्या.

तीन सुया आणि लांबी २०-३० सेंमी असेल तर तो हिमालयातला चीड. तीनच पण बारीक असतील तर बहुधा मेघालयाकडचा खासी पाइन. पाच सुया लांब आणि लोंबत्या असतील तर हिमालयन ब्लू पाइन; आखूड, आतून पांढऱ्या रेघांच्या असतील तर जपानी व्हाइट, म्हणजे गोयोमात्सु. जुडीच्या बुडाचं कागदी वेष्टणही बघा. ब्लॅक, रेड, चीड यांचं ते टिकून राहतं, पाच सुयांच्या पाइनचं लवकर गळतं.

राळ_आणि_तार
पिवळ्या सुयांचं आधी. दोन-तीन वर्षं जुन्या, बुंध्याकडच्या सुया पिवळ्या पडून गळणं नेहमीचं आहे. चालू वर्षाच्या सुयांवर ठिपके किंवा तपकिरी पट्टे आले तर बुरशी. फांदीखाली पांढरा कागद धरून झटका. हलणारे ठिपके दिसले तर लाल कोळी. अख्खं झाड निस्तेज, राखाडी हिरवं दिसू लागलं तर मुळं गेलीत, आणि तेव्हा बहुतेक उशीर झालेला असतो. पाइनच्या सुया मुळं मेल्यावरही काही आठवडे हिरव्या राहतात.

म्हणून लाल माती हाच खरा धोका. पावसाळ्यात ती गच्च बसते, मुळांना हवा मिळत नाही. मिश्रण: विटांचे खडे आणि प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड) समप्रमाणात, ३ ते ६ मिमी. चाळून धूळ पूर्ण काढा. हीच पायरी लोक टाळतात आणि मग निचरा का होत नाही विचारतात. वीट पक्की भाजलेली घ्या, कच्ची विरघळून चिखल होतो.

माती बदलायची ती जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, कळ्या फुगू लागल्या की. मुळं एकदम धुऊन उघडी करू नका. या वर्षी एका बाजूची निम्मी माती काढा, उरलेली दोन वर्षांनी. मुळांवर पांढरं जाळं दिसलं तर ते धुऊ नका, ती उपयोगी बुरशी आहे. थोडी जुनी माती नव्यात मिसळा. नंतर कुंडीला तारेने घट्ट बांधा, झाड हललं की नवी केशमुळं तुटतात. महिनाभर खत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत झाड उन्हातच राहू द्या, पण कुंडीला ओलं गोणपाट गुंडाळा. भाजतात ती मुळं, सुया नाही. पावसाळ्यात वर पारदर्शक पत्रा, चारी बाजू मोकळ्या. ते जमत नसेल तर कुंडीच्या एका बाजूखाली वीट सरकवून ती तिरकी ठेवा.

गच्चीवरची_कुंडी
आभारी आहे. मग कँडल याच वर्षी कापू का? सगळीकडे जून लिहिलेलं दिसतं.

सूचिपर्ण
ज्या वर्षी माती बदलली त्या वर्षी कापू नका. बुंधा अंगठ्याएवढाच आहे, तो जाड करायचा तर उलट दोन-तीन वर्षं झाड मोकळं वाढू द्या. कँडल कापणं हे तयार झाडाचं काम, फांद्या बारीक आणि सुया आखूड करण्यासाठी.

जून-जुलै हे जपानचं गणित. कापल्यानंतर नव्या कळ्या येऊन त्यांच्या सुया पिकायला (पूर्ण वाढून टणक व्हायला) साधारण १०० दिवस लागतात, आणि तिथे त्यानंतर थंडी लागते. पुण्यात ऑक्टोबरही गरम. जूनमध्ये कापलं तर सुया वाढतच राहतील आणि केलेलं काम वाया जाईल. माझ्या मते ऑगस्टचा पहिला पंधरवडा, तोही पाऊस अडवलेला असेल तरच. सुया लांब आल्या तर पुढच्या वर्षी दहा दिवस उशिरा, खुरट्या आल्या तर दहा दिवस आधी.

कमजोर कँडल आधी, जोरदार कँडल दहा दिवसांनी, म्हणजे जोर सारखा वाटला जातो. काप नव्या वाढीच्या बुडाशी घ्या, खाली जुन्या सुया राहिल्याच पाहिजेत. सुया नसलेल्या जुन्या लाकडावर कापलं तर ती फांदी वाळते, तिथून फूट येत नाही. वसंतापासून कापेपर्यंत निंबोळी किंवा मोहरीची पेंड भरपूर. कापताना पेंड उचलून टाका, सुया पिकल्यावर परत द्या. एका जागी चार-पाच कळ्या आल्या तर आडव्या दोन ठेवा.

राळ_आणि_तार
ऑगस्टशी मी पूर्ण सहमत नाही. दमट हवेत ताज्या जखमा म्हणजे बुरशीला आमंत्रण. पत्रा असला तरी कापण्याआधी कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के, लिटरला अडीच ग्रॅम, एकदा फवारा.

आणि हे सगळं फक्त ब्लॅक आणि रेडसाठी. उद्या कुणी पाच सुयांचं गोयोमात्सु दिलं तर त्याच्या कँडल बुडापासून छाटू नका. ते वर्षातून एकदाच फुटतं, दुसरी फूट येत नाही. ते बरेचदा ब्लॅक पाइनच्या मुळावर कलम केलेलं असतं. बुंध्याची साल मध्येच एकदम खडबडीतची गुळगुळीत झालेली दिसेल. पण खुंट ब्लॅकचा आहे म्हणून वरच्या झाडाला पुण्याचा उन्हाळा झेपेल असं नाही. त्याला खरी थंडी लागते.