मदत हवी आहे: ई. कोलायची कडी येतच नाहीत, नुसता ठिपका!

अगारवाला (गुरुवार, रात्री १०:४२)
नमस्कार. मऊ अगारच्या (जिवाणू वाढवायच्या जेलच्या) मधोमध ई. कोलाय हा जिवाणू सोडला की तो पोषकद्रव्यांच्या मागे कडी करत पसरतो, असं सगळीकडे दिलेलं असतं. आमच्याकडे तीन वेळा केलं, तिन्ही वेळा मध्ये पांढरा ठिपका. कल्चर ताजं, प्लेटा नव्या. प्रकल्प मंगळवारी दाखवायचाय. काय चुकतंय ते सांगा. थिअरी नको, ती येते.

सूक्ष्मदर्शी (१०:५५)
अगार किती टक्के? माध्यम कोणतं? तापमान? स्ट्रेन (जिवाणूचा वाण)? हे चार कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

उष्मायक३७ (११:०३)
अगारचीच भानगड असणार. कंपनी बदला. ई. कोलाय पसरवायचा तर जपानी आयकेन अगारच लागतो, बाकीच्यांवर ढिम्म हलत नाही.

अगारवाला (११:१०)
अगार ०.५ टक्के. माध्यमात ट्रिप्टोन (प्रथिनांचे तुकडे) आणि मीठ आहेच, शिवाय ०.५ टक्के ग्लुकोज घातलंय, खायला कमी पडू नये म्हणून. ३७ अंशांवर रात्रभर. स्ट्रेन नेहमीचाच.

सूक्ष्मदर्शी (११:१२)
नेहमीचाच म्हणजे डीएच५अल्फा?

अगारवाला (११:१३)
हो. तोच असतो ना सगळ्यांकडे?

कशाभिका (११:४०)
सापडलं. तुम्ही दोन वेगळ्या प्रयोगांच्या कृती एकत्र केल्यात. ०.५ टक्के अगार, ०.५ टक्के ग्लुकोज आणि वर उष्मायक३७ म्हणतात तो आयकेन अगार, ही स्वॉर्मिंगची कृती. त्यात जिवाणू पृष्ठभागावरून थव्याने सरकतात. तुम्हाला हवंय ते स्विमिंग: जेलच्या आत, छिद्रांतून पोहणं. त्याला अगार ०.२५ टक्के. ०.५ ला छिद्रं इतकी बारीक होतात की पोहणारा आतच अडकतो. घोळ वाढतो कारण जुन्या लेखांत पोहण्याच्या प्लेटेलाही 'स्वॉर्म प्लेट'च म्हटलंय.

ग्लुकोज पूर्ण काढा. तो भरपूर असला की पेशीतलं सायक्लिक एएमपी (आतला इशारा देणारा रेणू) घटतं, आणि कशाभिका (पोहण्याचे शेपटीसारखे धागे) बांधणाऱ्या जनुकांचा मुख्य स्विच एफएलएचडीसी चालू व्हायला तेच लागतं. ३७ अंशांवरही कशाभिका कमी बनतात. ३० ठेवा.

डीएच५अल्फा क्लोनिंगसाठी ठीक, पोहण्यात अगदीच मंद. एमजी१६५५ किंवा आरपी४३७ हे पोहणारे स्ट्रेन मिळवा.

१०० मिलीला: ट्रिप्टोन १ ग्रॅम, मीठ ०.५ ग्रॅम, अगार ०.२५ ग्रॅम. १२१ अंशांवर १५ मिनिटं. बाहेर काढल्यावर हलक्या हाताने फिरवा, अगार तळाशी बसलेला असतो. ५० अंशांपर्यंत निवला की प्लेटेला २५ मिली. तासभर एका थरात, न हलवता. लॅमिनारच्या (गाळलेली हवा सोडणाऱ्या कपाटाच्या) वाऱ्याखाली रात्रभर ठेवलीत तर वाळून टक्केवारी वाढते. प्लेट उलटी करू नका, जेल झाकणावर येईल.

कल्चर ट्रिप्टोनमध्येच, ३० अंशांवर, ओडी (गढूळपणाचं माप) ०.४ ते ०.६. रात्रभरचं जाड कल्चर नको. जोरात पिपेटिंग आणि व्हॉर्टेक्स (घुसळणारं यंत्र) बंद, कशाभिका तुटतात. २ मायक्रोलिटर, टोक जेलच्या आत पण तळाला न टेकवता. ओल्या टिश्यूबरोबर डब्यात ठेवा, सहाव्या तासापासून बघा.

उष्मायक३७ (शुक्रवार, सकाळी ७:२०)
ग्लुकोज काढायला सांगणं चूक. ग्लुकोज स्वतः आकर्षक (जिवाणूला खेचणारा पदार्थ) आहे. गॅलॅक्टोज बांधणाऱ्या प्रथिनामार्फत ट्रग हा ग्राहक (पेशीवरचा संवेदक) तो ओळखतो. पुस्तकात आहे.

सूक्ष्मदर्शी (७:४८)
शिवाय पीटीएस या साखर आत घेणाऱ्या वाहतूक यंत्रणेतूनही थेट इशारा जातो. पण ते मायक्रोमोलरच्या, म्हणजे मिलिमोलरच्या हजाराव्या भागातल्या गोष्टी. ०.५ टक्के म्हणजे जवळपास २८ मिलिमोलर. सगळीकडे सारखंच पंचपक्वान्न असेल तर चढ (इकडे कमी, तिकडे जास्त असा फरक) कुठला ओळखणार?

कशाभिका (८:१५)
मुद्दा तोच. आपण प्लेटेत चढ ठेवत नाही, जिवाणू स्वतः तयार करतात. मधला घोळका जवळचं सेरिन (ट्रिप्टोनमधलं अमिनो आम्ल) खाऊन संपवतो, बाहेर ते शिल्लक असतं, म्हणून तो बाहेर सरकतो आणि पुढचंही खातो. पहिलं कडं सेरिनचं, टीएसआर ग्राहकावर. मागचं ॲस्पार्टेट या दुसऱ्या अमिनो आम्लाचं, टार ग्राहकावर. जिवाणू अशी कडी करतात हे जूलियस ॲडलरने १९६६ मध्ये दाखवलं. संपवता येणार नाही इतकं घातलंत की चढही नाही, कडंही नाही.

लॅकप्रेमी (९:०२)
एवढ्या खटपटीपेक्षा डायॉक्सी (दोन टप्प्यांतली वाढ) करा. जाक मोनो या शास्त्रज्ञाचा प्रयोग, पोषकद्रव्य ओळखण्याचाच. ग्लुकोज थोडं, लॅक्टोज जास्त, दर १५ मिनिटांनी ओडी. ग्लुकोज संपलं की वाढ थबकते, मग लॅक्टोजवर पुन्हा सुरू. आलेख झकास येतो.

कशाभिका (९:२०)
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. आणि त्यांच्याकडचा स्ट्रेन डीएच५अल्फा! त्याचं लॅक्टोज फोडणारं लॅकझेड जनुकच अर्धवट. दुसरी वाढ येणारच नाही.

लॅकप्रेमी (९:२४)
बरं, स्ट्रेन बदलून करा. आलेख झकासच येतो.

विरजण (९:३१)
अवांतर: दह्यातले जिवाणूही साखरेकडे असे पोहत जातात का?

सूक्ष्मदर्शी (९:३५)
नाही. विरजणातल्या लॅक्टोबॅसिलस आणि स्ट्रेप्टोकॉकसना कशाभिका नसतात. म्हणून तर विरजण ढवळून लावायचं. आता धागा हायजॅक नको.

अगारवाला (दुपारी १:०५)
शेजारच्या विभागात एमजी१६५५ मिळाला, ग्लिसरॉल स्टॉक (गोठवलेला साठा). डीएच५अल्फा फेकू का?

कशाभिका (१:३०)
फेकता कशाला? न पोहणारा कंट्रोल (तुलनेसाठी) म्हणून शेजारच्या प्लेटेत लावा. आणि जपून, एमजी१६५५ चे सगळे साठे सारखे पोहत नाहीत. काहींत एफएलएचडीसीच्या आधी आयएस घटक (उडी मारणारा डीएनएचा तुकडा) घुसलेला असतो, ते जोरात पोहतात, बाकीचे सावकाश. स्टॉकमधून तीन-चार वेगळ्या वसाहती घेऊन प्रत्येकीची प्लेट लावा.

अगारवाला (शनिवार, रात्री ८:५०)
चारपैकी दोन वसाहती पसरल्या! नऊ तासांत कडं दिसतंय, डीएच५अल्फा जागच्या जागी. पण कडं एकच आहे, दोन म्हणाला होतात.

सूक्ष्मदर्शी (९:०५)
दिवा कुठे धरलाय? वरून?

अगारवाला (९:०७)
ट्यूबलाइटखाली बघतोय.

कशाभिका (९:१८)
प्लेटेखाली काळा कागद, दिवा बाजूने तिरपा, खोलीतले बाकी दिवे बंद. बाहेरचं धारदार दिसेल, आतलं पुसट. तरी दिसलं नाही तर नवीन प्लेट लावून सहाव्या तासापासून दर अर्ध्या तासाने बघा आणि मोबाइल स्टँडवर लावून फोटो काढा. ही प्लेट रात्रभर ठेवू नका, कडं काठाला पोचलं की दाखवायला काहीच उरणार नाही.