शब्दाला किती घेता? अनुभव सांगा

परवा लेखन-भाषांतराच्या कामात नव्यानं आलेल्या एका मुलीनं विचारलं, "ताई, शब्दाला किती सांगू?" मी अडखळले, कारण माझाच दर तीन गिऱ्हाइकांना तीन आहे. म्हणून हा धागा. दर कसा ठरवलात, कुठे फसलात, मोकळेपणानं लिहा. सुरुवात मीच करते.

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते. पहिली दोन वर्षं मराठी शब्द मोजून बिल लावलं. 'इन द हाउस ऑफ माय ब्रदर' हे सहा शब्द. मराठीत 'माझ्या भावाच्या घरी', झाले तीन! आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात आणि पैसे तिथेच गळतात. वाक्य जितकं नेटकं उतरेल तितकं बिल कमी, म्हणजे पाल्हाळ लावणाऱ्याचा फायदा. आता मूळ मजकुराचे शब्द मोजते, आणि कुठले मोजणार ते काम घेण्याआधी मेलवर लिहून घेते. दर तोच ठेवला तरी मिळकत वाढली.

– ठाण्याहून : जाहिरातींच्या संहिता लिहितो. "जरासं बदलायचंय" या दोन शब्दांनी मला बुडवलं. एका मिनिटाच्या संहितेचे नऊ खर्डे, पैसे एकाचे. आता दोन दुरुस्त्या दरात, तिसरीपासून मीटर चालू. हे सांगितल्यापासून लोकांना पहिलाच खर्डा आवडायला लागलाय.

– कोल्हापूरहून : दिवाळी अंकाच्या मानधनाचं विचारायला अजून जीभ रेटत नाही. अंक पोस्टानं आला, चकली खात वाचला.

– नागपूरहून : साठ हजार ठरले, खात्यात चोपन्न. तावातावानं फोन केला, तर म्हणे टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, दहा टक्के. सीएनं समजावलं की तो कर माझ्याच नावावर जमा होतो, विवरणपत्र भरलं की हिशेबात धरतात. परतावा आलाही, पण घरभाडं त्याची वाट बघत नाही. हातात किती पडणार, ते मोजूनच आता आकडा सांगते.

– पुण्याहून : दराइतकंच 'कधी देणार' हेही ठरवा. मी उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, केली. 2006च्या लघुउद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी 45 दिवसांपलीकडे पैसे लांबवता येत नाहीत. करार नसेल तर 15च. बिलाच्या तळाशी तेवढी एक ओळ टाकली. एका जुन्या गिऱ्हाइकानं आठवड्यात पैसे धाडले. दुसऱ्यानंही धाडले, पण त्यानंतर काम दिलं नाही.