रविवारी चालत हरिपूर: सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

अमोल (बी-३०३): मंडळी, या रविवारी सोसायटीचा ट्रेक काढूया का? सागरेश्वर नाहीतर दंडोबा. सकाळी ६ ला गेटवर.

शिंदे वहिनी (बी-२०१): कोण कुणाच्या गाडीत बसणार यातच शनिवार संपेल. ज्योतिबाला जाताना काय झालं ते वर स्क्रोल करून बघ.

सुजाता (ए-३०१): आणि आमच्या सासूबाईंना डोंगर झेपायचा नाही. सपाटीवरचं काहीतरी बघा की.

जोशी काका (ए-१०४): मग हरिपूर. सांगलीत कृष्णेच्या घाटावर जमायचं आणि तिथल्या संगमेश्वराच्या देवळापर्यंत चालत जायचं. चारेक किलोमीटर भरतं, चढ म्हणून नाही. ज्याला परत चालवणार नाही त्यानं रिक्षा करावी.

अमोल (बी-३०३): काका, हा ट्रेक नव्हे, शतपावली झाली!

जोशी काका (ए-१०४): तू शतपावली समजूनच ये. सांगलीत जन्म गेला आणि वारणा कृष्णेला कुठं मिळते ते पायी जाऊन बघितलेलं नाही, असे आपल्या इमारतीत निम्मे निघतील. गाडीवरून हरिपूरला सगळेच गेलेत, श्रावणी सोमवारी दर्शनाला आणि एरवी भजी खायला.

शिंदे वहिनी (बी-२०१): भज्यांवर बोलायचं काम नाही काका.

मुल्ला मॅडम (सी-१०२): मी येणार. डिसेंबरात नदीकाठ बघण्यासारखा असतो. धोबी पक्षी आलेले आहेत, शेपटी वरखाली करत घाटाच्या पायऱ्यांवर फिरतात. खंड्या बघायचा असेल तर काळा-पांढरा कवड्या खंड्या बघा. पाण्याच्या वर एका जागी पंख मारत थांबतो आणि दगड पडावा तसा खाली येतो. मुलांना दुर्बीण देईन, पण ओढाओढी करायची नाही.

सुजाता (ए-३०१): मॅडम, पक्षी राहू देत, मगरींचं काय? परवाच एक फोटो फिरत होता. पोरांना घेऊन जायचं म्हणजे जीव टांगणीला.

मुल्ला मॅडम (सी-१०२): मगर आहे असं धरूनच चालायचं. औदुंबर, भिलवडी, डिग्रज, सांगली, या सगळ्या पट्ट्यात त्या कृष्णेत आहेतच आणि माणसांवर हल्लेही झालेत. थंडीत ऊन वर आलं की अंग तापवायला काठाच्या गाळावर येऊन पडतात. जबडा उघडा ठेवून निपचित पडलेली दिसली म्हणजे चिडलीय असं नाही, तोंडावाटे जास्तीची उष्णता घालवते. पण म्हणून फोटोला जवळ जायचं नाही. फेब्रुवारीपासून पुढे माद्या काठावर खड्डा करून अंडी घालतात आणि त्याची राखण करतात, त्या दिवसांत दरडीच्या आसपाससुद्धा नको. आत्ता आपला नियम एकच: पाणी आणि आपण यांच्यात वीस-पंचवीस पावलांचं अंतर. पाय धुवायला, चूळ भरायला, सेल्फी काढायला कुणी खाली उतरणार नाही. घाटावर शेवटच्या पायरीवर बसायचं नाही.

बापू चौगुले (सी-००४): म्याडम बोलत्यात ते खरं हाय. आमच्या नदीकाठच्या मळीच्या रानात मोटर चालू कराय पहाटं जायचं म्हणजे आदी बॅटरी पाण्यावर मारायची. दोन डोळं चमाकलं की मोटर तशीच ठेवून माघारी. लाईट गेली तर जाऊ दे, ऊस काय एका दिवसात वाळत न्हाई.

सुजाता (ए-३०१): बापू, धीर देताय का घाबरवताय?

बापू चौगुले (सी-००४): दोन्ही. वरच्या वाटंनं चालला तर काय होत न्हाई वहिनी. पिढ्या गेल्या आमच्या तिथं. मळीतली वांगी खाताना तुमाला मगर आठवती का?

पाटील सर (सेक्रेटरी): सर्व सभासदांना विनंती. चालायला जाणारच आहोत तर महापालिकेला एक निवेदनही देऊ. घाटापासून हरिपूरपर्यंत नदीकाठाने काँक्रीटचा वॉकिंग ट्रॅक, दोन्ही बाजूंना पेव्हिंग ब्लॉक, रेलिंग, दिवे, ओपन जिम. मसुदा तयार आहे, रविवारी सह्या घेतो.

शिंदे वहिनी (बी-२०१): छान! माझी सही धरा.

अमोल (बी-३०३): माझीपण.

जोशी काका (ए-१०४): माझी धरू नका.

पाटील सर (सेक्रेटरी): काका, चांगल्या कामाला विरोध?

जोशी काका (ए-१०४): चांगलं काम असतं तर दोनदा सही केली असती. सर, खाली पार्किंगमध्ये मीटरच्या बोर्डाशेजारी २०१९ च्या पाण्याची रेघ अजून आहे, रंग दिला तरी दिसते. पावसाळ्यात आपण सकाळी उठून पहिलं काय विचारतो? आयर्विन पुलाजवळ पाणी किती फूट. ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ च्या वर गेलं. १९२९ मध्ये बांधलेला पूल, पण सगळ्या गावाची मोजपट्टी झालाय. तुमचा ट्रॅक ४० फुटांच्याही खाली येणार. म्हणजे पुराचं वर्ष लागत नाही, जरा बरा पाऊस झाला की तो पाण्यात. पाणी उतरल्यावर वर गुडघाभर गाळ, रेलिंगला अडकलेली लव्हाळी, गोणपाटं, प्लॅस्टिक. ब्लॉकच्या खालची माती धुऊन जाते, मग एकेक ब्लॉक दातासारखा हलतो. पुढच्या वर्षी परत टेंडर.

आणि पाणी इथं तुंबतं का तेही बघा. सांगलीजवळ नदीला उतार फार कमी आणि वळणं भरपूर. हरिपूरला वारणा भरून आली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, नरसोबावाडीला पंचगंगा तेच करते. वर कोयनेतून विसर्ग चालू असला की विचारायलाच नको. अशा नदीला पसरायला जागा लागते. मळी, वाळुंजाची झुडपं, उंबर, करंज, ही तिची जागा आहे. तिथं आपण भराव टाकून ओपन जिम मांडायची आणि पाणी घरात शिरलं की धरणवाल्यांच्या नावानं शिमगा करायचा. पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारी निळी आणि लाल पूररेषा हौसेनं आखलेली नाही.

अमोल (बी-३०३): काका, मुद्दा पटला, पण एक बाजू राहिली. आईचे गुडघे असे आहेत की खडबडीत वाटेवर तिला दहा पावलं टाकता येत नाहीत. बाबागाडी, व्हीलचेअर यांनी नदी बघायचीच नाही का? ट्रॅक म्हटलं की सगळेच काही कंत्राटासाठी म्हणत नाहीत.

जोशी काका (ए-१०४): हे मात्र तू बरोबर बोललास. त्याला उत्तर वरच्या रस्त्यावर आहे, हरिपूर रोडला. जुनी चिंचेची झाडं आहेत, सावली आहे. तिथं सलग, सपाट फूटपाथ आणि मध्ये मध्ये बसायला बाक मागूया. खालची पायवाट मातीचीच राहू दे, फार तर मुरूम टाका. वाहून गेला तर परत टाकता येतो.

मुल्ला मॅडम (सी-१०२): आणि निवेदनात शेरीनाल्याचं आधी लिहा. सांडपाणी थेट नदीत जातंय तिथून आपण नाकाला रुमाल लावून चालणार आणि मागणार काय, तर दिवे? शिवाय मगरींचे सूचना फलक, आणि काठावर ओतला जाणारा बांधकामाचा राडारोडा बंद. रात्रीचे दिवे तर नकोतच, तिथं राहणाऱ्या पाखरांना रात्र लागते.

पाटील सर (सेक्रेटरी): ठीक आहे. मसुद्यात बदल करतो. ओपन जिम वगळली. (माझ्या मते एखादी चालली असती.)

शिंदे वहिनी (बी-२०१): माझी सही नव्या मसुद्यावर धरा. जिमचं साहित्य आपल्या गच्चीवर आहे की, कपडे वाळत घालायला.

सुजाता (ए-३०१): हरिपुरात पोरांना दाखवायचं काय? देऊळ पाच मिनिटांत बघून होईल, मग ‘आई, मोबाईल दे.’

जोशी काका (ए-१०४): पेवं दाखवूया. हळद साठवायची. वरून बघितलं तर जमिनीत एक तोंड, माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत खोलीएवढी पोकळी. तिथली माती अशी की ओल धरत नाही, तोंड बंद केलं की आत हवा नाही, त्यामुळे किडा नाही. वर्षानुवर्षं हळद राहायची. पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं, आत श्वास कोंडून माणूस जातो. काही तास तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील खाली सोडायचा. तेवत राहिला तरच माणूस उतरणार. २००५ च्या पुरात पाणी शिरून कितीतरी पेवं कायमची गेली. २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेढे वाटले, पण पेवांची आठवण किती जणांना झाली?

बापू चौगुले (सी-००४): आज्जा उतरायचा पेवात. वर आला की अंगभर पिवळा. आज्जी म्हणायची, दुसऱ्यांदा लगीन लागतंय का काय!

शिंदे वहिनी (बी-२०१): हे लिहून ठेवा कुणीतरी. बरं, खायचं काय? भडंग मी आणते. कांदा-कोथिंबीर तिथं चिरू. ज्यानं त्यानं आपली वाटी-चमचा आणायचा, कागदी प्लेटा मी आणणार नाही. कचरा परत पिशवीत.

अमोल (बी-३०३): किती वाजता मग? ६ ला?

मुल्ला मॅडम (सी-१०२): ६ ला धुक्यात पाण्याचा काठ दिसत नाही. ७ ला घाटावर. कडक ऊन व्हायच्या आत हरिपूर गाठू. मातकट रंगाचे कपडे घाला, लाल-पिवळे नकोत.

सुजाता (ए-३०१): आम्ही चौघं. सासूबाई बागेतल्या गणपतीपासून येतील, तिथवर रिक्षा.

देसाई (बी-१०३): सगळे चाललाय तर आमच्या टायगरला आणू का? पट्ट्यात धरतो.

मुल्ला मॅडम (सी-१०२): नको. कुत्रं वास घेत पाण्याकडेच ओढतं, आणि मगरीला त्याच्याइतकं सोपं खाणं दुसरं नाही.

देसाई (बी-१०३): बरं. मग त्याला सकाळी सांभाळणार कोण?

पाटील सर (सेक्रेटरी): मी घरीच आहे, नवीन मसुदा टाईप करायचाय. बिस्किटं तेवढी पाठवा, आणि बांधून पाठवा.