क्रूझच्या बंदर-दिवशी स्नॉर्केलिंगसाठी शांत किनारा: लांबचा निवडावा की धक्क्याजवळचा?

निळाई

कॅरिबियन समुद्रातल्या क्रूझवर बंदराचा दिवस म्हणून जो वेळ हाती येतो, तो साधारण आठ-नऊ तासांचा असतो. मोठ्या जहाजांवर आता 5,000 हून अधिक प्रवासी असतात आणि अशी दोन-तीन जहाजे एकाच सकाळी धक्क्याला लागली की बंदरापासून दहा-पंधरा मिनिटांवरचा प्रत्येक किनारा तासाभरात भरून जातो. उथळ पाण्यात शेकडो माणसे उभी राहिली की तळाची वाळू ढवळली जाते, पाणी गढूळ होते आणि मासे खोल पाण्याकडे सरकतात. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की ज्यांना स्नॉर्केलिंग करून, म्हणजे मुखवटा आणि श्वासनळी लावून पाण्यावर तरंगत, खरोखर पाण्याखालचे जग पाहायचे आहे, त्यांनी सकाळी पहिल्या तासात जहाजातून उतरावे आणि पाऊण तासाचा प्रवास पत्करून लांबच्या खाडीवर जावे.

माझ्या मनात मुख्यतः क्युरासाओ हे बेट आहे. विलेमस्टाडला जहाज लागते, आणि बहुसंख्य प्रवासी शहराजवळच्या, खुर्च्या-छत्र्यांनी भरलेल्या किनाऱ्यांवरच थांबतात. बेटाच्या पश्चिम टोकाकडे गेल्यास ‘लागून’ आणि ‘काल्की’ नावाचे दोन किनारे मिळतात. लागून ही दोन उंच कड्यांच्या मधली अरुंद खाडी आहे. तिथे मधल्या वाळूवर विशेष काही दिसत नाही, पण कड्याच्या पायथ्याला धरून सावकाश पोहत गेले की खडकांच्या कपारींत माशांची वस्ती दिसू लागते. केनेपा ग्रांदी हा किनारा छायाचित्रांत सर्वांत देखणा असल्यामुळे तिथे गर्दीही तितकीच असते, आणि स्नॉर्केलिंगसाठी मी तो मागे ठेवीन.

एक खबरदारी मात्र सांगितलीच पाहिजे. नकाशावर जो किनारा रिकामा दिसतो तो शांत असतोच असे नाही. या बेटांवर वर्षाचा बहुतेक काळ पूर्वेकडून आणि ईशान्येकडून व्यापारी वारे वाहतात. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाचा पूर्व किनारा बराचसा मोकळा आहे, कारण तिथे उघड्या समुद्राच्या लाटा थेट आदळतात. क्युरासाओच्या उत्तर किनाऱ्यावरचे शेते बोका उद्यान तर लाटांचे तडाखे पाहण्यासाठीच प्रसिद्ध आहे. शांतता शोधायची ती वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूलाच.

शिडवाला

निळाई, वाऱ्याविषयी आपण लिहिले ते मला मान्य आहे. अंतराचा आपला हिशेब मात्र मान्य नाही. जहाज आठ वाजता लागले म्हणजे आपण आठ वाजता मोकळे होतो असे नाही. बंदराची परवानगी मिळणे, रांग लावणे, फाटकाबाहेर येऊन गाडी ठरवणे यात पाऊण तास सहज जातो. ग्रँड केमनसारख्या बेटावर मोठी जहाजे धक्क्याला लागत नाहीत. ती समुद्रात नांगर टाकतात आणि प्रवाशांना छोट्या टेंडर बोटींनी जॉर्जटाउनला उतरवतात, त्यामुळे तिथे आणखी वेळ धरावा लागतो. परतीची वेळही जहाज सुटण्याची नसून त्याच्या किमान अर्धा तास आधीची असते. यातून जाण्या-येण्याचा दीड तास वजा केला आणि रस्त्यातल्या अडथळ्यासाठी एक तास राखून ठेवला, तर आपल्या शांत खाडीच्या वाट्याला उरतो तो वेळ धक्क्याजवळच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या वेळेच्या सुमारे दोन-तृतीयांशच.

याहून गंभीर गोष्ट घड्याळाची आहे आणि ती फार थोड्या लोकांच्या लक्षात येते. कोझुमेल ज्या किंताना रू राज्यात आहे, तिथे 2015 पासून वर्षभर एकच प्रमाणवेळ पाळली जाते आणि उन्हाळ्यात घड्याळे पुढे केली जात नाहीत. फ्लोरिडाहून उन्हाळ्यात निघालेले जहाज स्वतःची वेळ तशीच ठेवत असेल, तर जहाजाचे घड्याळ बेटाच्या एक तास पुढे असते. किनाऱ्यावर मोबाइल स्थानिक वेळ दाखवतो, आणि तो पाहून आपल्याला अजून एक तास शिल्लक आहे असे वाटू लागते. जहाज कंपनीची स्वतःची सहल उशिरा परतली तर जहाज सहसा थांबते. स्वतंत्रपणे गेलेल्या प्रवाशासाठी थांबण्याचे बंधन त्याच्यावर नसते. धक्क्यापासून पाच मिनिटांवर असलेल्या माणसाला ही चूक निस्तरता येते, पाऊण तासावर असलेल्याला येत नाही.

जवळच्या ठिकाणी काही पाहण्यासारखे नसते, हे गृहीतकही तपासून पाहावे. जॉर्जटाउनच्या टेंडर धक्क्यापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर ईडन रॉक आणि डेव्हिल्स ग्रोटो आहेत. तिथे शिडीवरून थेट पाण्यात उतरता येते आणि प्रवाळाच्या भिंती व बोगदे लगेच सुरू होतात. क्युरासाओतही काराकास बेच्या टगबोट किनाऱ्यावर जेमतेम पाच मीटर खोलीवर एक छोटी बुडालेली बोट आहे. वरून पोहणाऱ्यालाही ती पूर्ण दिसते आणि तिच्यावर प्रवाळ वाढले आहे. या जागा दुपारी गजबजतात हे खरे, पण सकाळी पहिल्या टेंडरने उतरलेल्याला त्या बऱ्याच मोकळ्या मिळतात.

उथळपाणी

मला या दोघांपेक्षा वेगळ्या गोष्टीची काळजी वाटते. माझ्याबरोबर सत्तरीचे आईवडील आहेत, त्यांना पोहण्याचा सराव राहिलेला नाही, तरीही मासे पाहण्याची त्यांची फार इच्छा आहे. एकाकी खाडीवर जीवरक्षक नसतो, आणि अडचण आली तर हाक ऐकणारे कोणी जवळ असेलच असे नाही. आडोशाच्या बाजूला पाणी सपाट दिसते, पण तिथला वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हवा भरलेल्या गादीवर किंवा रिंगवर पडून राहिलेला माणूस न कळत किनाऱ्यापासून दूर जाऊ शकतो. कोझुमेलच्या पश्चिम किनाऱ्यावर लाटा नसल्या तरी बहुधा दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारा प्रवाह असतो आणि तो कधी कधी चांगलाच जोरकस होतो. अशा ठिकाणी गर्दी हा दोष मानायचा की आधार, हे प्रत्येकाने आपल्याबरोबर कोण आहे ते पाहून ठरवावे.

निळाई

उथळपाणी, आपली काळजी रास्त आहे, आणि आईवडिलांसाठी मीही एकाकी खाडी सुचवणार नाही. त्यांच्यासाठी वाळूचा हलका उतार असलेला किनारा हवा, कारण कातळावरून फिन्स (पायात घालायची पोहण्याची पाती) घालून पाण्यात उतरणे वयस्कर माणसांना कठीण जाते. गळ्यात अडकवून हव्या तितक्या हवेने फुगवता येणारे स्नॉर्केलिंगचे जॅकेट वापरावे. पहिली दहा मिनिटे त्यांनी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून नुसता चेहरा बुडवावा आणि श्वासाची लय बसू द्यावी. धाप लागली तर मुखवटा काढून लगेच उभे राहता येईल, इतक्याच खोलीत त्यांनी राहावे. मासे तिथेही दिसतात; सार्जंट मेजर नावाचे पट्टेदार मासे तर गुडघाभर पाण्यातही माणसाभोवती फिरतात.

शिडवाला यांच्या घड्याळाच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही आणि तो प्रत्येकाने लक्षात ठेवावा. पण शांतता नेहमी गाडीच्या अंतरानेच विकत घ्यावी लागते असे नाही. कधी ती थोड्या पायपिटीनेही मिळते, कारण बहुतेक माणसे जिथे गाडी थांबते तिथेच अंथरूण पसरतात. सेंट जॉन बेटावरच्या ट्रंक बेवर पाण्याखाली माहितीफलक लावलेला सुमारे 200 मीटरचा मार्ग आहे, आणि जहाजांच्या दिवशी त्यावर माणसांची रीघ असते. त्याच बेटावर ॲनाबर्गच्या जुन्या साखर कारखान्याच्या अवशेषांपासून किनाऱ्याकडेने वीसेक मिनिटे चालल्यावर लिन्स्टर बे लागतो आणि समोर वॉटरलेमन के हे चिमुकले बेट दिसते. तिथले प्रवाळ आणि समुद्री तारे पाहायला त्या मानाने थोडेच लोक पोहोचतात. चांगले पोहणाऱ्यांनीच त्या छोट्या बेटाला वळसा घालावा, कारण त्याच्या पलीकडच्या बाजूला प्रवाह असतो.

शिडवाला

आपले उदाहरणच माझ्या बाजूने बोलते. जहाज लागते शेजारच्या सेंट थॉमस बेटाला. तिथून गाडीने रेड हुक, मग साधारण वीस मिनिटांची फेरीबोट, मग सेंट जॉनवरच्या क्रूझ बे या गावाहून पुन्हा गाडी आणि शेवटी ही पायवाट. परत येताना हेच सगळे उलट क्रमाने. फेरीची एक फेरी चुकली की पुढचा सारा क्रम कोसळतो. जो मुक्कामाला आला आहे त्याच्यासाठी वॉटरलेमन के अप्रतिम आहे. ज्याला चार वाजता धक्क्यावर उभे राहायचे आहे त्याला ते सुचवणे मला योग्य वाटत नाही.

प्रवाळमित्र

या चर्चेत आतापर्यंत फक्त पाहणाऱ्याचा विचार झाला आहे. जे पाहायला जायचे, त्या प्रवाळाचीही बाजू मांडतो.

1983-84 मध्ये कॅरिबियनमधले लांब काट्यांचे काळे समुद्री अर्चिन एका साथीत जवळजवळ नामशेष झाले. खडकांवरचे शेवाळ खाऊन प्रवाळाला जागा मोकळी ठेवण्याचे काम हे प्राणी करीत, आणि ते गेल्यावर अनेक ठिकाणी प्रवाळाची जागा शेवाळाने घेतली. 2014 मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर कठीण प्रवाळांच्या ऊती नष्ट करणारा रोग आढळला, तो 2018 मध्ये कोझुमेलला पोहोचला आणि 2023 मध्ये बोनेअर बेटाला. मेंदूसारख्या वळ्या असलेले, शेकडो वर्षे वाढलेले प्रवाळ या रोगाने काही आठवड्यांत मरतात. क्रूझचा प्रवासी आज एका बेटाच्या पाण्यात उतरतो आणि परवा दुसऱ्या. त्याच्या ओल्या फिन्स आणि जॅकेटमधून काय काय पुढे जात असेल, याचा विचार दोन्ही बाजूंनी केला पाहिजे. म्हणूनच दोन बेटांच्या मधल्या दिवशी साहित्य निर्जंतुक करून, गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावे, असे प्रवाळतज्ज्ञ सांगतात.

माझा आक्षेप असा की शांत खाडी शांत आहे याचे एक कारण ती अजून आपल्या याद्यांत आलेली नाही हे आहे. तिथे पाण्यात बांबू रोवून वा दोर बांधून मार्ग आखलेला नसतो, पाय टेकायला वाळूची जागा कुठे आहे हे दाखवणारे कोणी नसते, आणि नवखा माणूस थकला की जवळच्या प्रवाळावरच उभा राहतो. त्यापेक्षा नियम असलेल्या आणि ते पाळून घेतले जाणाऱ्या पाण्यात जावे. बोनेअरचे सागरी उद्यान 1979 पासून आहे आणि भरतीच्या रेषेपासून 60 मीटर खोलीपर्यंतचे बेटाभोवतीचे सारे पाणी त्याच्या संरक्षणात येते. बोटींनी नांगर टाकायचा नाही, ठरलेल्या बोयांनाच (तरंगत्या पिंपांनाच) बांधायचे. पाणबुड्यांनी हातमोजेसुद्धा घालायचे नाहीत, म्हणजे कशाला हात लावण्याचा मोह होत नाही. बोनेअरच्या क्रालेंडाइक बंदराहून छोट्या बोटीने समोरच्या क्लाइन बोनेअर या छोट्या बेटाला जाता येते. बोट प्रवाहाच्या वरच्या अंगाला सोडते आणि आपण पाण्यावर नुसते तरंगत प्रवाळाच्या कडेकडेने खाली येतो. पाय टेकावे लागत नाहीत, दमछाक होत नाही, आणि माणसे एका जागी साचत नाहीत.

सनस्क्रीनविषयीही एक वाक्य लिहितो. प्रवाळाला घातक मानले जाणारे ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेली क्रीम यूएस व्हर्जिन आयलंड्समध्ये 2020 पासून बंद आहेत आणि इतरही काही बेटांनी तोच मार्ग धरला आहे. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घातला तर पाठीला क्रीम लावावेच लागत नाही.

निळाई

प्रवाळमित्र, साहित्य निर्जंतुक करण्याचा मुद्दा मी आजपासून प्रत्येकाला सांगेन. पण नियमांची जागा आणि शांत जागा यांत निवड करावी लागते, हे मला पटत नाही. गर्दीच्या किनाऱ्यावर नियम लिहिलेले असूनही शंभर नवखे एकदम पाण्यात उतरले की प्रवाळावर पाय पडतातच. लोक अनेक खाड्यांत विभागले गेले, आणि ज्यांना खरेच पोहता येते तेच लांबच्या खाडीवर गेले, तर कोणत्याच एका जागेवर तेवढा भार येणार नाही.

दर्यावर्दी

आपण सगळे किनारा घरून निघतानाच ठरवता आहात, आणि माझा विरोध त्यालाच आहे. नोव्हेंबर ते मार्च या काळात उत्तरेकडून थंड हवेचे झोत खाली येतात, तेव्हा वारा फिरतो आणि नेहमीची आडोशाची बाजूच उघडी पडते. ग्रँड केमनचा सेव्हन माइल बीच पश्चिमेला असल्यामुळे एरवी तळ्यासारखा स्वच्छ असतो, पण वायव्येचा वारा सुटला की तिथे लाटा फुटतात आणि टेंडर बोटी जॉर्जटाउन सोडून दक्षिण किनाऱ्यावरच्या स्पॉट्सला लावाव्या लागतात. अशा दिवशी सेव्हन माइलच्या उत्तरेकडचा प्रसिद्ध प्रवाळ पाहायचा हट्ट धरणाऱ्याला वाळूचे ढग दिसतात. स्पॉट्सला उतरलेला जाणता माणूस मात्र तिथल्याच छोट्या पुळणीवर थांबतो, कारण समुद्री गवत चरायला येणारी कासवे तिथे नेहमी दिसतात.

उन्हाळ्यात प्रश्न वेगळा असतो. 2011 पासून सरगॅसम नावाचे तरंगते तपकिरी शेवाळ अटलांटिकमधून प्रचंड प्रमाणात वाहत येते आणि मुख्यतः पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांवर साचते. ते कुजू लागले की दुर्गंधी सुटते आणि पाणी तपकिरी होते. चार महिन्यांपूर्वी पाहिलेल्या छायाचित्रावर विसंबून तिथे जाण्यात अर्थ नाही.

म्हणून दोन किनारे ठरवून ठेवावेत, बेटाच्या दोन वेगवेगळ्या बाजूंचे, आणि निवड त्या सकाळी डेकवरून समुद्र पाहून करावी. दूरवर पांढरे फेस दिसत असतील तर ती बाजू सोडावी. वारा सहसा दुपारकडे वाढतो, म्हणून पाण्यात उतरायचे ते अकराच्या आत.

शिडवाला

दर्यावर्दींचे म्हणणे मला सर्वांत व्यवहार्य वाटते; फक्त त्या दोन किनाऱ्यांपैकी एक धक्क्यापासून चालत जाता येण्याजोगा असावा एवढी भर मी घालतो. आणि जे कोणी निळाई यांचे ऐकून लागूनला जातील त्यांनी जाताना ज्या चालकाने सोडले त्याच्याशीच परतीची वेळ ठरवावी, त्याचे अर्धे पैसे परत आल्यावर द्यावेत आणि वेळ जहाजाच्या घड्याळाने सांगावी.

उथळपाणी

आमच्या पुरते ठरले आहे. आईवडिलांबरोबर मी सकाळी लवकर जवळच्या, वाळूच्या उताराच्या किनाऱ्यावर दीड-दोन तास राहीन, आणि धाकटा भाऊ, ज्याला उत्तम पोहता येते, तो एका सोबत्यासह लागूनला जाईल. निळाई, कड्याच्या पायथ्याला धरून जायचे ते डाव्या बाजूने की उजव्या, आणि बोटींची ये-जा कोणत्या बाजूला असते?

निळाई

मच्छीमारांच्या बोटी खाडीच्या मधून जातात, म्हणून मध्यभाग टाळावा आणि कोणत्याही एका कड्याला चिकटून राहावे. मी आधी सावलीतली बाजू घेईन, कारण डोक्यावर ऊन नसले की कपारीत आतपर्यंत दिसते. खाडीच्या तोंडाशी कडा संपतो तिथे थांबून पाण्याची ओढ जाणवते का ते पाहावे आणि जाणवली तर तिथूनच मागे वळावे. भावाला भडक रंगाचा तरंगता बोया कमरेला बांधायला सांगा, म्हणजे बोटवाल्यांना तो लांबून दिसेल.